अन्नपदार्थ व पूरक आहारांचा टिकवण कालावधी

एखादा अन्नपदार्थ ठरावीक वेष्टनात व ठरावीक परिस्थितीत साठवला असता जितका काळ सुरक्षित राहतो, चव, वास, रंग व पोत यांबाबत स्वीकारार्ह राहतो आणि लेबलावर नोंदवलेले पोषणमूल्य राखून असतो, त्या काळास त्या पदार्थाचा टिकवण कालावधी असे म्हणतात. व्यवहारात यासाठी शेल्फ लाइफ हा इंग्रजी शब्द रूढ आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्या, प्रथिनांची भुकटी, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांसारख्या पूरक आहारांनाही हीच व्याख्या लागू होते. मात्र त्यांच्या बाबतीत चवीपेक्षा घटकांच्या मात्रेला अधिक महत्त्व असते.

पाकिटावर छापलेली मुदतीची तारीख म्हणजे या कालावधीचा शेवट. ती पदार्थावर प्रत्यक्ष मोजलेली वस्तुस्थिती नसते. काही नमुन्यांवर केलेल्या चाचण्या, बिघाडाची निवडलेली एखादी कसोटी आणि साठवणुकीविषयी गृहीत धरलेली परिस्थिती यांवरून काढलेला तो अंदाज असतो. यांपैकी एक गोष्ट बदलली तरी तारखेचा अर्थ बदलतो. तारखेच्या दुसऱ्या दिवशी टाकून दिलेले चांगले बिस्किट आणि तारीख उलटण्याआधीच उन्हात नासलेले दूध, या दोन्हींचे स्पष्टीकरण येथेच मिळते.

संज्ञा

मुदतीच्या तारखा मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. पहिली गुणवत्तेची तारीख. इंग्रजी लेबलांवर ती 'बेस्ट बिफोर' या शब्दांत दिलेली असते. या तारखेपर्यंत पदार्थ उत्पादकाला अभिप्रेत असलेल्या दर्जाचा राहील, एवढेच ती सांगते. त्यानंतर बिस्किट थोडे मऊ पडेल, चहाचा स्वाद उतरेल, परंतु पदार्थ अपायकारक होईलच असे नाही. दुसरी सुरक्षिततेची तारीख, म्हणजे 'यूज बाय'. लवकर नासणाऱ्या आणि रोगकारक जंतूंची वाढ होऊ शकेल अशा पदार्थांसाठी ती असते. ती उलटल्यावर पदार्थ खाऊ नये, असा तिचा अर्थ आहे. 'सेल बाय' ही तिसरी तारीख दुकानदारासाठी असते. माल कधीपर्यंत मांडणीवर ठेवायचा हे ती त्याला सांगते आणि ग्राहकाने तिचा काही अर्थ लावणे अपेक्षित नसते. प्रत्यक्षात ग्राहक तिन्ही तारखा एकाच दृष्टीने वाचतात.

अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त कोडेक्स आयोगाने वेष्टित अन्नाच्या लेबलांविषयीचे सर्वसाधारण मानक तयार केले असून तारखांविषयीची त्यातील कलमे २०१८ मध्ये सुधारली. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थांवर दिवस व महिना, तर त्याहून अधिक टिकणाऱ्यांवर किमान महिना व वर्ष द्यावे, असे हे मानक सांगते. न सोललेली ताजी फळे व भाज्या, वाइन, १० टक्के किंवा अधिक अल्कोहोल असलेली पेये, व्हिनेगर, साखर, च्युइंग गम अशा काही पदार्थांना त्याने मुदतीच्या तारखेतून वगळले आहे.

पदार्थ बिघडण्याची कारणे

टिकवण कालावधी ठरवण्यापूर्वी तो पदार्थ कशामुळे संपतो हे ठरवावे लागते. प्रत्येक पदार्थात एकाच वेळी अनेक बदल चाललेले असतात; त्यांतील जो बदल सर्वांत आधी मर्यादा ओलांडतो, तो त्या पदार्थाचा टिकवण कालावधी ठरवतो.

सूक्ष्मजीवांची वाढ हे ओलसर पदार्थांचे प्रमुख कारण आहे. मात्र पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा सूक्ष्मजीवांना वापरता येईल असे पाणी किती आहे, ही बाब निर्णायक ठरते. या मोकळ्या पाण्याच्या मापाला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियाशीलता १ मानली जाते. ऑस्ट्रेलियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५०च्या दशकात या मापाचा सूक्ष्मजीवांच्या वाढीशी असलेला संबंध दाखवून दिला. बहुतेक जिवाणू ०.९१ च्या खाली वाढत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा अन्नविषबाधा करणारा जिवाणू सुमारे ०.८६ पर्यंत तग धरून वाढू शकतो. सुमारे ०.६ च्या खाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही. मुरांबा, गुळाची चिक्की, पापड किंवा खारवलेली सुकी मासळी महिनोन्महिने टिकते ती याच कारणाने. साखर, मीठ आणि ऊन हे तिन्ही मोकळे पाणी कमी करण्याचेच मार्ग आहेत. आम्लतेचाही असाच उपयोग होतो. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असल्यास बोटुलिझम घडवणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूची वाढ होत नाही, म्हणून डबाबंद अन्नाच्या नियमांत हा आकडा सीमारेषा मानला जातो.

रासायनिक बदलांत तेल-तुपाचे खवट होणे सर्वांच्या परिचयाचे आहे. असंतृप्त स्निग्धाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन प्रथम पेरॉक्साइडे तयार होतात आणि त्यांच्या विघटनातून खवट वासाची संयुगे निर्माण होतात. प्रकाश, उष्णता तसेच लोह व तांबे यांचे सूक्ष्म अंश ही क्रिया वेगाने घडवतात. येथे एक अनपेक्षित बाब आढळते. पदार्थ जितका कोरडा तितका तो टिकाऊ, हा समज सूक्ष्मजीवांपुरता खरा असला तरी खवटपणाला लागू पडत नाही. जलक्रियाशीलता ०.२ ते ०.३ च्या आसपास असताना खवटपणाचा वेग सर्वांत कमी असतो आणि त्याहून कोरड्या अवस्थेत तो पुन्हा वाढतो. दुधाच्या भुकटीसारखे पदार्थ अति कोरडे करूनही खवट होतात ते यामुळे.

भौतिक बदलांत ओलावा शोषणे किंवा गमावणे, साखरेचे स्फटिक होणे आणि स्टार्चची पुनर्रचना होऊन पाव शिळा होणे यांचा समावेश होतो. यांत अपाय नसतो. पण पदार्थ खाण्याची इच्छा राहत नाही, आणि बाजारात तेवढे कारण पुरेसे असते.

तळलेल्या पदार्थांचे उदाहरण

चकली, शेव, भाकरवडी यांसारख्या तळलेल्या पदार्थांत या दोन शत्रूंची शर्यत स्पष्ट दिसते. एका बाजूने पदार्थ हवेतील ओलावा शोषून सादळतो. जलक्रियाशीलता साधारण ०.४ ते ०.५ च्या पुढे गेली की कुरकुरीतपणा जातो. दुसऱ्या बाजूने त्यात शोषले गेलेले तेल खवट होत असते. साध्या पातळ प्लॅस्टिक पिशवीत कोकणातील पावसाळ्यात सादळणे आधी घडते. तोच पदार्थ ओलावा रोखणाऱ्या धातूचा थर दिलेल्या वेष्टनात भरला, तर सादळणे मागे पडते आणि खवटपणा निर्णायक होतो. मग वेष्टनातील हवा काढून तेथे नायट्रोजन भरला जातो, आणि खवटपणाही लांबतो. कृती एकच, तेल तेच, तरी वेष्टनाप्रमाणे मुदत काही आठवड्यांवरून काही महिन्यांवर जाते. वेष्टन बदलल्यावर टिकवण कालावधीची चाचणी नव्याने करावी लागते ती यासाठी. गृहउद्योगांत मोठ्या उत्पादकाच्या पाकिटावरील मुदत पाहून तीच आपल्या पिशवीवर छापण्याची जी प्रथा आढळते, ती शास्त्रीय दृष्ट्या निराधार आहे.

प्रत्यक्ष काळातील चाचणी

सर्वांत विश्वासार्ह पद्धत म्हणजे पदार्थ अपेक्षित परिस्थितीत ठेवणे व वाट पाहणे. नमुने तापमान व आर्द्रता स्थिर राखणाऱ्या कक्षात ठेवले जातात आणि ठरावीक अंतराने, उदाहरणार्थ ०, ३, ६, ९, १२, १८ व २४ महिन्यांनी, बाहेर काढून तपासले जातात. एकाच घाण्यातील नमुने सर्व उत्पादनाचे प्रतिनिधित्व करत नाहीत, म्हणून किमान तीन वेगवेगळ्या उत्पादन-तुकड्या घेण्याची पद्धत औषधनिर्मितीतून पूरक आहारांच्या क्षेत्रातही आली आहे. प्रत्येक वेळी सूक्ष्मजीवांची संख्या, ओलावा, सामू, पेरॉक्साइड मूल्य, जीवनसत्त्वांची मात्रा यांपैकी त्या पदार्थाला लागू असलेल्या बाबी मोजल्या जातात.

मोजलेले आकडे काळाच्या संदर्भात आलेखावर मांडून रेषा काढली जाते. मुदत मात्र त्या सरासरी रेषेवरून ठरवत नाहीत. सरासरी रेषा मर्यादेला जिथे छेदते, तिथे जवळजवळ निम्मा माल आधीच मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो. म्हणून ९५ टक्के विश्वासमर्यादेची रेषा काढून ती मर्यादेला जिथे छेदते तो काळ धरला जातो. नमुने थोडे आणि मोजमापे विखुरलेली असतील तर ही रेषा सरासरीपासून दूर जाते व मुदत कमी येते. अपुऱ्या चाचणीची किंमत अशा रीतीने मुदतीतूनच वसूल होते.

चव व पोत यांसाठी यंत्र पुरे पडत नाही. प्रशिक्षित परीक्षकांचा गट वास, चव, कुरकुरीतपणा यांना गुण देतो. किंवा सामान्य ग्राहकांना वेगवेगळ्या वयाचे नमुने देऊन 'हा पदार्थ आपण नेहमीप्रमाणे खाल का?' एवढाच प्रश्न विचारला जातो. अर्जेंटिनाचे संशोधक गिलेर्मो हौ यांनी या दुसऱ्या पद्धतीसाठी वैद्यकातील जीवितकाल विश्लेषणाचे गणित वापरले. रुग्ण किती काळ जगतात याऐवजी ग्राहक कोणत्या वयाचा नमुना नाकारतात, हे त्यात मोजले जाते. नाकारणाऱ्यांचे प्रमाण किती झाले म्हणजे मुदत संपली असे मानायचे, हा निर्णय मात्र उत्पादकाचा असतो. तो ५० टक्के धरला की तारीख लांबते, २५ टक्के धरला की जवळ येते.

त्वरित चाचणी

दोन वर्षे टिकणाऱ्या पदार्थासाठी दोन वर्षे थांबणे उत्पादकाला परवडत नाही. म्हणून तापमान वाढवून बिघाड वेगाने घडवला जातो आणि त्यावरून सामान्य तापमानातील कालावधी काढला जातो. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वांते अरेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेले तापमान व अभिक्रियेचा वेग यांचे समीकरण या पद्धतीचा पाया आहे. अन्नउद्योगात त्याचे सोपे रूप वापरतात: तापमान १० अंश सेल्सिअसने वाढल्यास बिघाडाचा वेग किती पट होतो, त्या पटीस क्यू-१० म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे थिओडोर लाबुझा यांनी १९७० व १९८०च्या दशकांत हे गणित अन्नपदार्थांसाठी पद्धतशीरपणे विकसित केले.

या पद्धतीचे बळ आणि तिचा धोका एकाच उदाहरणात दिसतो. एखादा पदार्थ ४० अंशांवर ३ महिने टिकला. क्यू-१० दोन असेल, तर तो ३० अंशांवर ६ महिने आणि २० अंशांवर १२ महिने टिकेल. क्यू-१० तीन असेल, तर हेच आकडे ९ महिने व २७ महिने येतात. प्रयोगशाळेतील निरीक्षण एकच असूनही पाकिटावरची मुदत एक वर्षावरून सव्वादोन वर्षांवर गेली. प्रत्येक पदार्थाचा क्यू-१० किमान दोन, शक्यतो तीन तापमानांवर चाचणी करून शोधावा लागतो. तो सरसकट दोन धरून मोकळे होण्याची सवय उद्योगात व्यापक आहे. फार तर तात्पुरत्या अंदाजापुरतीच ती क्षम्य म्हणता येते.

शिवाय काही पदार्थांत उष्णता बिघाडाचा वेग न वाढवता बिघाडाचा प्रकारच बदलते. चॉकलेटमधील कोको बटर ४० अंशांवर वितळून जाते. त्यानंतर जे मोजले जाते त्याचा कपाटातील चॉकलेटशी संबंध उरत नाही. जिलेटिनच्या कॅप्सूल मऊ होऊन एकमेकींना चिकटतात. पाव तर उलटाच वागतो. स्टार्चची पुनर्रचना शीतकपाटाच्या तापमानात अधिक वेगाने होते, म्हणून उष्णतेत ठेवलेला पाव शीतकपाटातील पावापेक्षा सावकाश शिळा होतो. दही, पनीर यांसारख्या पदार्थांत तापमान वाढवले की निराळेच सूक्ष्मजीव वरचढ होतात. या सर्व कारणांमुळे त्वरित चाचणीतून निघालेली मुदत तात्पुरती समजून तिच्या बरोबरीने प्रत्यक्ष काळातील चाचणी चालू ठेवावी, हा सर्वमान्य संकेत आहे. प्रत्यक्ष चाचणीत वेगळे आढळल्यास पुढील मालावरची तारीख बदलावी लागते.

गोठवलेल्या अन्नाचा प्रश्न वेगळा होता. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कॅलिफोर्नियातील आल्बनी येथील प्रयोगशाळेने १९४८ पासून पुढील काळात गोठवलेल्या अन्नावर काळ व तापमान यांच्या परिणामांचा दीर्घ अभ्यास केला. उणे १८ अंश सेल्सिअस हे आज प्रमाण मानले जाणारे तापमान रूढ होण्यात या संशोधनाचा मोठा वाटा आहे.

आव्हान चाचणी

सुरक्षिततेची तारीख ठरवताना नमुन्यात जंतू आढळले नाहीत एवढ्यावर भागत नाही. चाचणीतील पाकिटात रोगजंतू नसतील. बाजारातील हजारांतील एका पाकिटात असू शकेल. म्हणून प्रयोगशाळेत पदार्थात जाणीवपूर्वक ठरावीक संख्येने रोगजंतू सोडून ते साठवणुकीच्या काळात वाढतात का, हे तपासले जाते. यास आव्हान चाचणी म्हणतात. हे काम उत्पादनाच्या जागी कधीही केले जात नाही. त्यासाठी स्वतंत्र, सुरक्षित प्रयोगशाळा लागते.

शीतकपाटात ठेवण्याच्या तयार पदार्थांत लिस्टेरिया मोनोसायटोजेनस हा जिवाणू विशेष चिंतेचा असतो, कारण इतर बहुतेक रोगजंतू थंडीत थांबत असताना हा ० अंशाच्या आसपासही सावकाश वाढत राहतो. गर्भवती, नवजात बालके, वृद्ध व प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या व्यक्तींना त्याचा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. लिस्टेरियामुळे पदार्थाचा वास किंवा चव बदलेलच असे नाही. मुदत उलटलेला पदार्थ हुंगून ठरवण्याची घरोघरची रीत दुधाच्या आंबण्यापुरती उपयोगी आहे. सुरक्षिततेची तारीख असलेल्या पदार्थांना ती लागू करता येत नाही. शेंगदाण्यावरील काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विषही वासावरून ओळखता येत नाही.

पूरक आहार

पूरक आहाराच्या लेबलावर घटकाची मात्रा आकड्यात दिलेली असते. ती मात्रा उत्पादनाच्या दिवशी असून भागत नाही; मुदतीच्या शेवटच्या दिवशीही असावी लागते. जीवनसत्त्वे मात्र सतत घटत असतात. जीवनसत्त्व क, थायमिन, फोलिक आम्ल आणि जीवनसत्त्व अ ही विशेष नाजूक आहेत. क जीवनसत्त्व ओलावा व धातूंच्या सान्निध्यात भराभर नष्ट होते, म्हणून बहुजीवनसत्त्वाच्या ज्या गोळीत लोह व तांबेही असते ती गोळी स्वतःचीच शत्रू असते. रंगीत, चघळण्याच्या जेलीसारख्या गोळ्यांत ओलावा अधिक असल्याने हा प्रश्न तेथे आणखी तीव्र होतो.

यावर उपाय म्हणून उत्पादक आरंभी जास्तीची मात्रा घालतात. समजा, एका गोळीतील क जीवनसत्त्व दरमहा १ टक्का घटते. १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात केल्यास २४ महिन्यांनी सुमारे ७९ मिलिग्रॅम उरतील. दोन वर्षांच्या शेवटी १०० मिलिग्रॅम हवे असतील तर आरंभी सुमारे १२७ मिलिग्रॅम घालावे लागतात. म्हणजे ताजी गोळी घेणाऱ्याला लेबलावरील आकड्यापेक्षा सव्वापट मात्रा मिळते. क जीवनसत्त्वाबाबत हे निरुपद्रवी आहे. परंतु जीवनसत्त्व अ किंवा लोह यांसारख्या, अतिरेकाने अपाय करणाऱ्या घटकांत ही वाट मर्यादितच वापरता येते. तेथे मुदत कमी करणे किंवा वेष्टन सुधारणे हाच मार्ग उरतो.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये ओमेगा-३ ची मात्रा पुरेशी असूनही तेल खवट झालेले असू शकते. त्यामुळे पेरॉक्साइड मूल्य व अॅनिसिडीन मूल्य असे दोन आकडे मोजले जातात. पेरॉक्साइडे कालांतराने विघटन पावत असल्याने केवळ पहिला आकडा पाहिल्यास जुने, खूप बिघडलेले तेल ताजे भासू शकते. पेरॉक्साइड मूल्याची दुप्पट अधिक अॅनिसिडीन मूल्य या बेरजेस टोटॉक्स म्हणतात. ओमेगा-३ उद्योगाच्या गोएड या संघटनेच्या स्वयंस्वीकृत मानकात तिची मर्यादा २६ आहे.

प्रोबायोटिक उत्पादनांत घटक स्वतःच सजीव असतो. तेथे मोजायचे असतात ते जिवंत जिवाणू, आणि त्यांची घट दहाच्या पटींत होते. आरंभी १,००० कोटी जिवाणू असलेल्या कॅप्सूलमध्ये एका पटीची घट झाल्यास १०० कोटीच उरतात. 'उत्पादनाच्या वेळी' एवढे जिवाणू, असे लिहिलेल्या लेबलावरून मुदतीच्या शेवटी किती उरतील याचा काहीही बोध होत नाही.

वनस्पतिजन्य पूरकांत कोणता घटक मोजायचा हाच पहिला प्रश्न असतो. हळदीसाठी कर्क्युमिन, अश्वगंधेसाठी विथॅनोलाइडे असे निदर्शक घटक निवडले जातात. मात्र निदर्शक टिकला म्हणजे गुण टिकला, हे गृहीतकच आहे. औषधी द्रव्यांचे वीर्य काळाने घटते हा विचार आयुर्वेदात जुना आहे. शार्ङ्गधर संहितेत चूर्ण दोन महिन्यांत, तर गुटिका व अवलेह एका वर्षात हीनवीर्य होतात असे सांगून आसव व धातूंची भस्मे जुनी झाल्यावर अधिक गुणकारी मानली आहेत. आजच्या भारतीय कायद्यात आयुर्वेदिक औषधे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात, तर आरोग्यपूरके अन्नाच्या कायद्याखाली. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेली असली तरी त्यांच्या मुदतीचे नियम वेगवेगळे आहेत.

साठवणुकीचे गृहीतक

'थंड व कोरड्या जागी ठेवावे' या सूचनेमागे एक विशिष्ट तापमान गृहीत धरलेले असते. औषधांच्या आंतरराष्ट्रीय चाचणी पद्धतीत समशीतोष्ण प्रदेशांसाठी २५ अंश सेल्सिअस व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता, तर उष्ण व अतिदमट प्रदेशांसाठी ३० अंश व ७५ टक्के आर्द्रता असे प्रमाण आहे. पूरक आहारांचे उत्पादकही हेच आकडे वापरतात. परदेशातून आलेल्या किंवा नातेवाइकांनी आणून दिलेल्या बाटलीवरची मुदत पहिल्या परिस्थितीसाठी असू शकते, याची जाणीव सहसा नसते.

२५ अंशांवर १२ महिने टिकणारा आणि क्यू-१० दोन असलेला पदार्थ विदर्भातील उन्हाळ्यात दोन महिने ३५ अंशांच्या कोठारात राहिला, तर त्या दोन महिन्यांत त्याच्या आयुष्यातील चार महिने खर्च होतात. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि पत्र्याच्या छपराखाली किंवा बंद मालमोटारीत त्याहून अधिक तापमान असते. छापलेली तारीख मात्र जागची हलत नाही. तापमानाचा हा इतिहास टिपणारी, रंग बदलणारी पट्टी लसींच्या कुप्यांवर १९९६ पासून वापरात आहे. खाद्यपदार्थांवर ती खर्चामुळे अपवादानेच दिसते.

वेष्टन उघडताच छापील मुदत निरर्थक होते. सहा महिने टिकणारे अतिउच्च तापमानावर प्रक्रिया केलेले दूध खोके फोडल्यावर साध्या दुधासारखेच वागते.

भारतातील नियम

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये स्थापन झालेले भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण लेबलांचे नियम ठरवते. त्याच्या २०११ च्या नियमांत 'बेस्ट बिफोर' तारखेला मध्यवर्ती स्थान होते. 'पॅकिंगपासून अमुक महिन्यांत' असे लिहिण्याची पद्धत तेव्हाचीच असून तीत ग्राहकाला आधी पॅकिंगची तारीख शोधून मग बेरीज करावी लागे. २०२० च्या लेबल व प्रदर्शन नियमांनी उत्पादन किंवा पॅकिंगची तारीख आणि 'एक्सपायरी' अथवा 'यूज बाय' तारीख अनिवार्य केली. 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक राहिली. यामुळे बेरीज टळली, परंतु गुणवत्ता व सुरक्षितता यांतील भेद लेबलावरून पुसट झाला. बिस्किटाच्या पुड्यावर आणि पनीरच्या पाकिटावर आता एकच शब्द असतो.

मुदत किती असावी हे नियम सहसा सांगत नाहीत. ती ठरवण्याची व सिद्ध करण्याची जबाबदारी उत्पादकाची असते. दुकानातील सुट्या मिठाईजवळ 'बेस्ट बिफोर' तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक करण्यात आले. त्यामुळे एक-दोन दिवसच टिकणारी दुधाची ओलसर मिठाई आणि कित्येक दिवस टिकणारा बेसनाचा लाडू यांतील फरक प्रथमच ग्राहकासमोर लेखी स्वरूपात आला. आयात मालासाठी २०१७ च्या नियमांनी मंजुरीच्या वेळी किमान ६० टक्के कालावधी किंवा मुदत संपण्यापूर्वीचे तीन महिने, यांपैकी जे कमी असेल ते शिल्लक असण्याची अट घातली. ऑनलाइन विक्रेत्यांनी ग्राहकाच्या हाती माल देताना किमान ३० टक्के कालावधी किंवा ४५ दिवस शिल्लक असतील याची दक्षता घ्यावी, असे प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितले. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख छापून तो पुन्हा बाजारात आणण्याचे प्रकार रोखण्यासाठी, डिसेंबर २०२४ पासून उत्पादक व आयातदारांना मुदतबाह्य व नाकारलेल्या मालाची तिमाही माहिती देण्यास सांगण्यात आले. कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार दिशाभूल करणाऱ्या लेबलाच्या अन्नासाठी तीन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

इतर देशांतील स्थिती

युरोपीय संघाच्या २०११ च्या १,१६९ क्रमांकाच्या नियमावलीत दोन तारखांतील भेद ठळक आहे. 'यूज बाय' उलटलेले अन्न कायद्याने असुरक्षित मानले जाते. 'बेस्ट बिफोर' उलटलेले तसे मानले जात नाही.

अमेरिकेत संघराज्याच्या पातळीवर केवळ लहान बाळांच्या दुधाच्या भुकटीवर तारीख सक्तीची आहे. उरलेला कारभार राज्यांवर व उत्पादकांवर सोडलेला आहे. पूर्वी डब्यांवर केवळ उत्पादकाला कळणारे सांकेतिक आकडे असत. १९७०च्या दशकात ग्राहकांच्या मागणीमुळे उघड तारखा आल्या, पण शब्दप्रयोग एकसारखे झाले नाहीत. कृषी खात्याने २०१६ मध्ये 'बेस्ट इफ यूज्ड बाय' हा एकच शब्दप्रयोग सुचवला. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेला कायदा १ जुलै २०२६ पासून ग्राहकांना दिसणाऱ्या 'सेल बाय' तारखेस मनाई करतो. पूरक आहारांवर अमेरिकेत मुदतीची तारीख सक्तीची नाही. मात्र ती छापल्यास तिला आधार देणारी माहिती उत्पादकाकडे असणे अपेक्षित आहे. मिसळलेल्या जीवनसत्त्वाची मात्रा लेबलावरील आकड्याच्या १०० टक्क्यांपेक्षा कमी भरता कामा नये, तर नैसर्गिकरीत्या असलेल्या घटकाला ८० टक्क्यांपर्यंत सवलत आहे.

तारखा आणि अन्नाची नासाडी

युरोपीय आयोगाच्या २०१८ मधील एका अभ्यासानुसार संघातील वार्षिक ८.८ कोटी टन अन्ननासाडीपैकी १० टक्क्यांपर्यंतचा भाग तारखांच्या छपाईशी निगडित असू शकतो. याच विचाराने ब्रिटनमधील काही मोठ्या दुकानसाखळ्यांनी २०२२ मध्ये अनेक फळे व भाज्यांवरील 'बेस्ट बिफोर' तारखा काढून टाकल्या.

उत्पादकाचा कल मुदत कमी ठेवण्याकडे असतो की वाढवण्याकडे, याचे उत्तर पदार्थागणिक बदलते. चवीबद्दल नाव राखू पाहणारा उत्पादक मुदत आखूड ठेवतो, तर लांबच्या गावी माल पाठवणाऱ्याला ती लांब हवी असते. दोघांच्या पाकिटांवर तारीख त्याच लहान अक्षरांत छापलेली असते, आणि तिच्यामागे २४ महिन्यांची चाचणी आहे की शेजारच्या पाकिटावरून घेतलेला आकडा, हे लेबल वाचून कळत नाही. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांनी मागितल्यास चाचणीची कागदपत्रे दाखवणे उत्पादकाला भाग पडते. ग्राहकाला ती पाहण्याची अशी सोय नाही.